अहवालाच्या मागच्या बाजूला

नमुना क्रमांक सतरा. रिवण, कुळागराच्या वरची झर.
पीएच सहा पूर्णांक चार. गढूळपणा नगण्य.
हे पुढच्या बाजूला लिहून झालं.
इथे, मागे, पुर्सो वेळीप काय म्हणाले ते.

ते पंपावर होते, एकतीस वर्षं.
खालचं पाणी टेकडीवर चढवायचं
आणि पाळीपाळीने सोडून द्यायचं, मध्यरात्रीसुद्धा.
म्हणाले, बाये, पाइपाला कान लावून बघ कधी.
त्यात पाणी चालत नाही, त्याला फरपटत नेतात.
सरळ जायची त्याला सवयच नाही.
पाटातलं बघ: दगड आला की अंगाभोवती अंग गुंडाळतं,
मिरवेल पोफळीला धरते तसं,
आणि त्या पिळात त्याचा जीव.
पीळ सुटला की मग उरतं
ते नुसतं ओलं.

नुसतं ओलं.
असा रकाना आमच्या तक्त्यात नाही.

मागच्या पडवीत त्यांनी नळाखाली
तांब्याचं भाण टांगलंय, अंड्यासारखं ठोकून घेतलेलं,
बुडाला करंगळीएवढं भोक.
पाणी कडेने शिरतं, गरगरतं, खाली मडक्यात पडतं.
ह्याला ते 'पाण्याला झोपेतून उठवणं' म्हणतात.
दुपारी उठवत नाहीत. अवसेला तर नाहीच.
पहाटे पाणी जड असतं, म्हणतात, म्हणजे जागं असतं.
चार अंशांना ते सगळ्यांत दाट, हे माझ्याही पुस्तकात आहे,
पण रिवणात चार अंश कोणी पाहिलेत?

पोफळीच्या रोपांच्या दोन ओळी दाखवल्या.
उजवीकडची जाग्या पाण्याची, डावीकडची नळाची.
मला सारख्याच दिसल्या.
उजवीकडचं एक रोप बोटभर उंच होतं,
पण त्याच्यावर कवडसा पडला होता, मी तसं बोलले.
ते म्हणाले, कवडशालाही कळतं कुठे पडायचं.

सत्यवतीबाई भांडी घासत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
एकतीस वर्षं ह्यांनीच ओढलं ना त्याला.
आता रोज सकाळी माफी मागतात.

पुर्सोबाब काही बोलले नाहीत.
मला वर घेऊन गेले, झरीकडे.
खाण चालू होती तेव्हा ही आधी लाल झाली,
मग बारीक, मग तीन पावसाळे काहीच नाही.
खाण बंद पडली, तरी नाही.
चौथ्या वर्षी रात्री त्यांना ऐकू आली.
जुन्या तोंडातून नाही, वीस पावलं डावीकडे,
फणसाच्या मुळाखालून.
वळून आली, ते म्हणाले.
एवढंच म्हणाले, आणि माझी बाटली
स्वतःच भरून दिली, प्रवाहाच्या उलट न धरता.

दुसऱ्या दिवशी उबवणपेटी उघडली.
कोलिफॉर्म: शंभर मिलिलीटरमध्ये नऊ.
जिवंत आहे, पुर्सोबाब, इतकं नक्की.
फोनवर मी म्हटलं, उकळून प्या.
पलीकडे बराच वेळ फक्त पाटाचा आवाज.
मग त्यांनी विचारलं,
उकळल्यावर त्यातलं काय काय मरतं?
मी नऊच्या नऊ सांगितले.
बाकीचं? त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, अहवाल पोस्टाने येईल.

संध्याकाळी बाटल्या धुतल्या.
सतरा नंबरची उलटी धरली तर
ग्लक ग्लक करत अडून बसली,
जीभ जड झालेल्या माणसासारखी.
मनगट नुसतं फिरवलं. भोवरा झाला,
मधोमध हवेचा बारीक देठ,
आणि ती एका दमात रिकामी.

लवकर घरी जाता यावं म्हणून
आम्ही प्रयोगशाळेतल्या सगळ्याच असं करतो.
कुणी शिकवल्याचं आठवत नाही.